नर्सबाईला शिवेवर अडवायचं काय?



मागच्या तालुका मीटिंगला एक ठराव आला होता. जे आले होते त्यांना माहीत आहे, जे नव्हते त्यांच्यासाठी परत सांगतो. जंगल प्लॉट नावावर होत नाहीत तोपर्यंत सरकारच्या कुठल्याच माणसाला पाड्यात पाय टाकू द्यायचा नाही. फॉरेस्टवाला नाही, तलाठी नाही, ग्रामसेवक नाही, आणि लस टोचायला येते ती नर्सबाई पण नाही. "आम्ही मोर्चा नेला तर साहेब भेटत नाय, आणि टोचायला मात्र घरात घुसतात," असं एक भाऊ उठून बोलला आणि टाळ्या पडल्या. ठरावावर निर्णय झाला नाही, पुढच्या मीटिंगला ठेवला. मध्ये वेळ आहे म्हणून हे लिहितो, पाड्यापाड्यात वाचून दाखवा आणि त्यावर भांडा.

फॉरेस्टवाल्याला अडवायला माझी ना नाही. उभ्या नागलीत गुरं घालणारा, पावतीशिवाय दंड घेणारा, वर कोंबडी मागणारा, त्याचं आपलं चालू आहे ते चालू राहील. तलाठ्याचं पण मीटिंगमध्ये बघू. पण नर्सबाईचं नाव त्या यादीत घालायला माझा साफ विरोध आहे. ती बिचारी चालत येते म्हणून नाही. लस ही काही सरकारने आपल्यावर केलेली मेहेरबानी नाही, जी रागाने तोंडावर फेकून द्यावी. रेशनवरचा तांदूळ आपण रागाने नाकारतो का? उलटं भांडून घेतो. मग लस का नाकारायची?

आता लोकांच्या मनात सुईची जी धास्ती आहे ती उगीच नाही, हे पण लिहिलं पाहिजे. म्हाताऱ्यांना विचारा १९७६ साली काय चाललं होतं. आणीबाणी होती. माणसं धरून कॅम्पात नेत होते आणि ऑपरेशन करून सोडत होते. महाराष्ट्राच्या विधानसभेने तर सक्तीच्या नसबंदीचा कायदाच पास केला होता त्या वर्षी. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो अंमलात आला नाही, नाहीतर काय झालं असतं बघा. त्यानंतरही इतकी वर्षं प्रत्येक नर्सला आकडा बांधून दिलेला असायचा, एवढ्या "केसा" आणल्याच पाहिजेत. लस टोचणारी तीच आणि केसा शोधणारी पण तीच. मग बाया पोरं घेऊन रानात पळाल्या तर त्यांना अडाणी कशाला म्हणायचं? १९९६ च्या एप्रिलपासून दिल्ली सरकारने हे आकडे काढून टाकल्याचं जाहीर केलं. खरंच काढले की नुसतं कागदावर, ते आपण पाड्यात बसून बघूच. कोणी नर्स किंवा तिचा साहेब अजून "केस दिलीस तर कार्ड देईन" असं बोलला तर आम्हाला कळवा, त्यावर वेगळं आंदोलन करू.

पण लस म्हणजे नसबंदी नाही. लहान पोराच्या दंडावर टोचतात ती क्षयाची. तिथे फोड येतो, फुटतो, वण राहतो, तो चांगलाच. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला १९९६ साली मांडीत द्यायचे ती त्रिगुणी. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांसाठी. त्याच वेळी तोंडात थेंब, ते पोलिओचे. (१९९५ च्या डिसेंबरात आणि १९९६ च्या जानेवारीत शाळेत बोलावून लहान पोरांना थेंब दिले ते पल्स पोलिओचे. ते ज्यादाचे होते, त्याने हे नेहमीचे चुकवायचे नाहीत.) आणि नऊ महिने भरले की गोवराची. त्रिगुणीने एक दोन दिवस ताप येतो, पोर किरकिर करतं, मांडी दुखते. "बाईनं चांगलं पोर आजारी केलं" असं म्हणून मग दुसऱ्या वेळी पोर लपवतात. ताप येणार आहे हे नर्सने आधीच सांगायला पाहिजे आणि गोळी देऊन जायला पाहिजे. ती सांगत नाही हा तिचा दोष. पण त्यासाठी पोराला डांग्या खोकल्याच्या तोंडी देण्यात काय शहाणपण?

पन्नाशीच्या पुढच्या कुणाच्या पण दंडावर बघा, देवी टोचल्याचे वण आहेत. आपल्या आज्यांच्या वेळची वणांनी भरलेली तोंडं आता पोरांत कुठे दिसतात? १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा एकही रोगी झालेला नाही. तो रोग टोचूनच गेला.

आता गोवराचं जरा सविस्तर बोलू, कारण आपली पुष्कळ पोरं त्याने गेली, आणि दवाखान्यातून पाड्यात तोच येतो.

१९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराच्या वर पोरं गेली. पुढच्या वर्षी मेळघाटात तेच झालं. पेपरात कुपोषण असा शब्द आला, मंत्री आले, जीपगाड्या आल्या. कुपोषण खरंच होतं, भूक होतीच, आणि भूक का होती ते आपण या बुलेटिनमध्ये कायम लिहितो: जमीन नाही, रोजगार हमीचं काम नाही, रेशन नाही. पण नुसत्या भुकेने पोर हळूहळू सुकतं. सुकलेल्या पोरावर एखादा रोग पडला की ते दोन दिवसात जातं. त्यात गोवर सगळ्यात वाईट. शहरातलं धष्टपुष्ट पोर गोवर झाला तर आठ दिवसात उठून खेळायला लागतं. आपलं पोर गोवरातून उठलं तरी मागून हगवण लागते, नाहीतर छाती भरते, नाहीतर डोळे जातात. गोवर अंगातलं अ जीवनसत्त्व खाऊन टाकतो म्हणून डोळे जातात. म्हणून तर गोवराच्या लसीबरोबर त्या जीवनसत्त्वाचा डोस पण तोंडातून देतात. जे पोर अशक्त आहे त्याला लस आधी द्यायची असते. थोडी सर्दी, थोडा खोकला, थोडे जुलाब असले तरी देता येते. "पोर बारीक आहे, नंतर बघू" असं सांगून परत पाठवणारी नर्स चुकते आहे, तिला हे वाचून दाखवा.

गोवर कसा पसरतो ते नीट समजून घ्या. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून आणि उठल्यावर चार दिवसांपर्यंत तो दुसऱ्याला लागतो. म्हणजे जेव्हा नुसतं नाक गळतंय, डोळे लाल झालेत, आपण म्हणतो सर्दी झाली, तेव्हापासून. शिवायला पण लागत नाही. रोगी खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत असतो. लस न घेतलेली दहा पोरं अशा रोग्याजवळ ठेवली तर नऊ जणांना होतो. आणि लागल्यावर लगेच दिसत नाही, दहा ते चौदा दिवस आत बसून राहतो. त्यामुळे कुठून आला ते कुणाला उमगतच नाही. मग भगताकडे जातो आपण, कुणी केलं म्हणून विचारायला.

माझ्या पुतण्याचं सांगतो. गेल्या हिवाळ्यात त्याला जुलाब लागले म्हणून झोळीत घालून खाली दवाखान्यात नेला. कॉट रिकामी नव्हती, एका कॉटवर दोन पोरं आडवी टाकली. शेजारचं पोर खोकत होतं, डोळे लाल. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानामागून पुरळ उठलं, तेव्हा त्याला हलवलं. आमचं पोर सलाईन चढून बरं झालं, चौथ्या दिवशी घरी आणलं, सगळ्यांना बरं वाटलं. त्या चार दिवसात बघायला म्हणून आमच्याच पाड्यातली चौदा माणसं जाऊन आली होती, काखेत तान्ही पोरं घेऊन. दोन आठवड्यांनी पाड्यात गोवर उठला. एका घरातून नाही, एकदम पाच घरांतून. लस झालेली जी पोरं होती त्यातलं एक सोडून बाकी वाचली. न टोचलेल्यांतली दोन गेली. दोघांच्या आया पुतण्याला बघायला गेल्या होत्या.

आता यात चूक कुणाची? दवाखान्याची तर आहेच. जुलाबाचं पोर आणि ताप-खोकल्याचं पोर एका कॉटवर टाकणं याला दवाखाना म्हणत नाहीत. डोळे लाल, नाक गळतंय, ताप आहे, तर वेगळ्या खोलीत ठेवायचं हे डॉक्टरला आपण शिकवायचं का? खाटा कमी असतील तर सरकारला विचारायचं खाटा कमी का. पण चौदा माणसं तान्ही पोरं घेऊन वॉर्डात जाऊन बसली, हे दवाखान्याने नाही केलं.

"भेटायला नाही गेलं तर लोक काय म्हणतील" ही आपली रीत. माणुसकीची रीत आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. पण आपल्यातच दुसरी एक रीत आहे ती विसरलो काय? घरात गोवर-कांजण्या निघाल्या की दाराला लिंबाचा पाला लावतात. पाला दिसला की बाहेरचं माणूस आत येत नाही, घरातला बाहेर जेवायला जात नाही. बाळंतीण झाली की सुवेर असते, पाचवी होईपर्यंत कुणी पण उठून तिच्या खोलीत शिरत नाही. भगत पण हेच सांगतो. भगताच्या सगळ्या गोष्टी मला पटत नाहीत. गोवरात पोराचं खाणं-पाणी तोडायला सांगतात ते तर एकदम चुकीचं, त्या दिवसात त्याला जास्त पाजायचं, जास्त भरवायचं. पण दाराच्या पाल्याचं जे आहे ते कुठल्या पण डॉक्टरला मान्य होईल. दवाखान्याच्या वॉर्डाच्या दाराला तोच पाला लावलाय असं समजा. लहान पोरांना आत न्यायचं नाही. खोकला-ताप असलेल्याने बघायला जायचं नाही, निरोप पाठवायचा. एका वेळी एकाने आत जायचं, रोग्याच्या कॉटवर बसायचं नाही, तान्ह्या बाळाला हात लावायच्या आधी साबणाने धुवायचे. बाकीच्यांनी बाहेर झाडाखाली थांबायचं. एवढं आपण आपल्याच पाड्यात ठरवून पाळायचं, वॉर्डबॉयने हाकलायची वाट बघायची नाही.

पण हाकलतात कसे ते पण लिहितो, नाहीतर कुणी म्हणेल कार्यकर्ता डॉक्टरांना फितूर झाला. खाली दवाखान्यात भिंतीवर रंगवलंय, "भेटण्याची वेळ ४ ते ६". वरच्या पाड्यातला माणूस पहाटे निघतो, तीन तास उतरून रस्त्याला लागतो, एसटी मिळाली तर अकराला पोचतो. चार वाजेपर्यंत बाहेर उन्हात बसतो. चारला आत सोडतात आणि शेवटची एसटी पाचची. म्हणजे शेटच्या घरातले लोक रोज येऊन जातात, आपला माणूस एकदा येतो आणि पंधरा मिनिटं बघून जातो, नाहीतर रात्री बाहेर ओट्यावर झोपतो. शेटची माणसं दुपारी बाराला डबा घेऊन आत जातात त्यांना कोण अडवत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या बाईला मात्र "चल, गर्दी करू नको, घाण करता तुम्ही लोक" असं ऐकवतात. आणि ज्या "गर्दी"ला हाकलतात तीच गर्दी रोग्याला पाणी आणते, भरवते, हगण्या-मुतण्याचं भांडं उचलते, रात्री सलाईन संपलं तर नर्सला उठवते. रोग्याजवळचं एक माणूस काढलं तर त्या वॉर्डाचं अर्धं काम बंद पडेल. शिवाय डॉक्टर बोलतो ते आपल्या म्हातारीला कळत नाही, म्हातारी बोलते ते डॉक्टरला कळत नाही, मध्ये सांगायला कुणी नको?

म्हणून नियम पाहिजे, पण रोग अडवणारा पाहिजे. एक रोगी, एक सोबती, रात्रंदिवस, पासावर. तो सोबती रोग्याने निवडायचा. अंगावर पिणारं पोर आईपासून काढायचं नाही, आणि आई आजारी असेल तर पोरासाठी वेगळी जागा द्यायची. भेटीची वेळ एसटीच्या वेळेशी जुळवायची. बाहेर थांबणाऱ्याला शेड, पाणी आणि संडास. हे सगळं लिहून आत भिंतीवर लावायचं, आणि शेटला पण तेच.

आता दवाखान्याच्या हाताबद्दल. आपल्याला घाण म्हणतात ना, तर एक जुनी गोष्ट ऐका. ऑस्ट्रिया नावाच्या देशात व्हिएन्ना शहरात एक मोठा सरकारी दवाखाना होता. तिथे बाळंतिणींचे दोन वॉर्ड. एकात डॉक्टर लोक बाळंतपण करायचे, दुसऱ्यात सुईणी. सुईणींच्या वॉर्डात बाया कमी मरायच्या, डॉक्टरांच्या वॉर्डात पुष्कळ जास्त, बाळंतरोगाने. गरीब बायांना हे माहीत होतं. डॉक्टरांच्या वॉर्डात नको म्हणून त्या पाया पडायच्या, काही तर रस्त्यातच बाळंत व्हायच्या. सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर तिथे होता, त्याने शोध लावला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी मढी फाडायचे आणि तसेच येऊन बाळंतिणीला हात घालायचे. सुईणी मढ्यांना हात लावत नव्हत्या. १८४७ साली त्याने नियम केला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कुणी बाईला शिवायचं नाही. ब्लीचिंग म्हणजे तीच, ग्रामपंचायत आपल्या विहिरीत टाकते ती टीसीएल. त्या एप्रिलमध्ये शंभर बाळंतिणींतल्या अठरा मेल्या होत्या, जूनमध्ये दोन. आणि मोठ्या डॉक्टरांनी काय केलं? आमचे हात घाण म्हणतो काय, म्हणून चिडले. त्याला त्या दवाखान्यात राहू दिलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी सगळ्यांनी तेच मान्य केलं.

त्यामुळे डॉक्टर एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतो का, ते आपण बघायचं. विचारायचं. भीत भीत नाही आणि भांडण काढून पण नाही. "सायब, हात धुतलेत काय?" एवढंच. वॉर्डात नळाला पाणी नसेल, साबण नसेल, तर तो मुद्दा मोर्चात घ्यायचा. इकडे आपल्या सुईणींनी पण ऐकावं. नाळ कापायला बांबूची चिप नाहीतर कोयता आणि वर शेण-माती, यातून धनुर्वात जातो. नवं कोरं पातं, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात, आणि नाळेला काहीच लावायचं नाही. पोटुशी बाईने धनुर्वाताच्या दोन सुया महिन्याच्या अंतराने घेतल्या तर पोराचा पण बचाव होतो.

सुईचं राहिलं. लस टोचताना एका पोराला एक सुई आणि एक सिरिंज असा सरकारचाच नियम आहे. १९९६ साली काचेच्या सिरिंजा असायच्या, त्या प्रेशर कुकरसारख्या डब्यात वीस मिनिटं वाफेवर ठेवाव्या लागायच्या. त्याला स्टोव्ह लागायचा, स्टोव्हला रॉकेल. रॉकेल नसलं की नर्सबाई नुसत्या गरम पाण्यात बुडवून पुढच्या पोराला टोचायची. अशा सुईतून गळू होतं ते दिसतं तरी. एकाच्या रक्तातली कावीळ दुसऱ्यात जाते, आता तो एड्स पण जातो, ते वर्षं गेली तरी दिसत नाही. म्हणून टोचायच्या आधी सुई आपल्यासमोर उघडायला सांगा. बर्फाच्या पेटीत बर्फ आहे का वितळून पाणी झालंय ते बघा. ऊन लागलेली लस टोचून काही फायदा नाही. आणि गोवराची लस पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. सकाळी एका पाड्यात कालवलेली बाटली संध्याकाळी दुसऱ्या पाड्यात काढली तर घेऊ नका. त्या बाटलीत जंतू वाढले तर लसीनेच पोर मरतं, असं झालेलं आहे. हे अडवणं मला मान्य आहे. अशा दिवशी नर्सबाईला थांबवा, नवीन बाटली फोडायला लावा, आणि दोन पोरांसाठी बाटली कशी फोडू म्हणाली तर सांगा, फोडायची.

ज्या सुईला खरं अडवायचं तिला तर आपण पैसे देतो. बाजाराच्या दिवशी टेबल टाकून बसतो तो सुईवाला, कसला डॉक्टर ते देवाला माहीत. ताप आला सुई, कंबर दुखली सुई, अशक्तपणाला ती लाल सुई. दिवसभरात शंभर माणसं, सुया किती त्या मोजा एकदा. जुलाबाच्या पोराला घरात मीठ-साखरेचं पाणी पाजलं तर भागतं, तिथे बाटली लटकवली की आपल्याला बरं वाटतं, आणि त्यापायी भांडी गहाण पडतात. फुकटच्या लसीला ना आणि विकतच्या सुईला हो, हे मला कधी कळलं नाही.

आता जमिनीचं. काही भाऊ म्हणतात, दवाखाना-बिवाखाना संस्थावाल्यांचं काम, आपण जमिनीचं बघू. हे वेगळं नाही. नियमाने आदिवासी भागात तीन हजार लोकांना एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे. आपल्याकडे उपकेंद्र मागितलं की काय उत्तर येतं? जागा जंगल खात्याची आहे. १९८० च्या कायद्याने जंगल जमिनीवर दुसरं काही बांधायला दिल्लीची परवानगी लागायची. म्हणून नर्सबाई आंब्याखाली बसते, पाण्याचा नळ नाही, वीज नाही, बर्फ नाही, आडोसा नाही म्हणून पोटुशी बाईला तपासता येत नाही. विहीर मागितली तेच उत्तर, रस्ता मागितला तेच उत्तर. त्याच जंगलातून ठेकेदाराचा ट्रक जायला रस्ता आहे. हात धुवा म्हणतात, धुऊ, पण पाणी कुठलं? दोन डोंगर उतरून आणलेल्या हंड्यातलं?

आणि कागदाचं बघा. फॉरेस्टवाला पंचनाम्यात लिहितो की इथे कायम वस्ती नाही. आपला पाडा कुठल्या सरकारी वहीत आहे? तलाठ्याच्या नाही. मतदार यादीत अर्धी नावं खालच्या गावात. एक नर्सबाईच्या वहीत मात्र पाड्याचं नाव आहे, घरं किती, पोटुशा बाया किती, वर्षाखालची पोरं किती, सगळं तारखेसह. पोराच्या लसीच्या कार्डावर पाड्याचं नाव आहे आणि सरकारी सही आहे. किती वर्षांपासून कसतो हे त्याने सिद्ध होणार नाही, ते आपल्याला म्हाताऱ्यांच्या जबाबाने आणि जुन्या दंडाच्या पावत्यांनीच करावं लागेल. पण "वस्तीच नाही" म्हणणाऱ्याच्या तोंडावर टाकायला ते कार्ड चालतं. ज्या वहीत आपण आहोत ती एकच वही आपणच बंद करायची?

भट्टीवर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दिवाळीनंतर अर्धे पाडे खाली भिवंडी-वसईकडे वीटभट्टीला जातात, नर्सबाई येते तेव्हा घरात म्हातारी आणि कोंबड्या. पोराचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. कुठल्या पण सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे, तुमचं गाव कुठलं म्हणून परत पाठवता येत नाही. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला घ्यायचा. शेठ सुट्टी देत नसेल तर दहा-बारा घरांनी मिळून मागा.

तर ठरावात माझी दुरुस्ती अशी: नर्सबाईचं नाव काढावं, आणि त्या जागी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला द्यायच्या मागण्या घालाव्यात. महिन्यातून एक ठरलेला दिवस प्रत्येक पाड्यासाठी, आदल्या बाजारी कळवून. उपकेंद्राला बर्फ, आणि आपल्या भाषेत बोलेल अशी एक मदतनीस आपल्यातलीच. दवाखान्यात एक सोबती पास, भेटीच्या वेळेत बदल, शेड आणि पाणी. गोवराच्या पोरांना वेगळी खोली. पाड्यात गोवर उठल्याचा निरोप दिला की तीन दिवसांत माणूस आला पाहिजे, न टोचलेल्यांना टोचायला आणि अ जीवनसत्त्व द्यायला. उपकेंद्राच्या जागेचा प्रश्न प्लॉटच्या मोर्चातच.

पुढच्या मीटिंगला येताना प्रत्येक पाड्याने दोन गोष्टी लिहून आणायच्या. नऊ महिने ते पाच वर्षांची पोरं किती आणि त्यातली गोवराची लस झालेली किती, कार्ड बघून, नुसतं विचारून नाही. आणि नर्सबाई शेवटची कधी आली ती तारीख. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. मिरग लागला की नाले चढतात, मग वरच्या पाड्यात ना नर्सबाई येत ना झोळी खाली उतरत, म्हणून हे त्याच्या आत झालं पाहिजे.